‘हेडेक’ या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: अर्थ, उच्चार आणि वापर

‘हेडेक’ म्हणजे नेमकं काय?

डोकेदुखी. ‘हेड’ म्हणजे डोकं आणि ‘एक्’ म्हणजे बराच वेळ टिकणारं दुखणं. दोन्ही शब्द जोडून इंग्रजीत हा एकच शब्द झाला आहे. मध्ये जागा सोडत नाहीत आणि जोडरेघही देत नाहीत.

कपाळ, कानशिलं, टाळू, डोळ्यांच्या मागे किंवा डोक्याची मागची बाजू, यांपैकी कुठेही दुखलं तरी शब्द हाच. डॉक्टरांच्या व्याख्येत हद्द जरा काटेकोर आहे. डोळ्याच्या खोबणीपासून कानाच्या छिद्रापर्यंत एक रेघ कल्पनेनं ओढा. तिच्या वर दुखलं तर हेडेक, तसंच मागच्या बाजूला कवटी जिथे मानेला टेकते त्या कडेच्या वर दुखलं तरी हेडेक. दाढ, जबडा, गाल यांचं दुखणं यात येत नाही. त्यामुळे दाढेची कळ कानशिलापर्यंत गेली असेल, तर नुसतं ‘हेडेक’ म्हणून थांबू नका. सुरुवात दाढेतून झाली हे आवर्जून सांगा. नाहीतर तपासणारा माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

‘माझं डोकं दुखतंय’ याचं इंग्रजी ‘माय हेड इज पेनिंग’ का होत नाही?

या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सविस्तर पाहू.

मराठीत दुखण्याचं काम डोकं करतं. ‘डोकं’ हा कर्ता, ‘दुखतंय’ हे क्रियापद, आणि आपण फक्त त्या डोक्याचे मालक. इंग्रजीत डोकेदुखी ही माणसाजवळ असलेली एक गोष्ट मानतात. वही असावी, छत्री असावी, तशी एक डोकेदुखी असते. म्हणून ‘आय हॅव अ हेडेक’. कर्ता मी, आणि हेडेक माझ्याजवळ आहे. एकदा ती गोष्ट झाली की ती मोजता येते, तिला ‘अ’ लागतो, तिचं अनेकवचन होतं, ती ‘मिळते’, कुणीतरी ती ‘देतं’ आणि शेवटी ती ‘जाते’.

डोक्यालाच कर्ता करायचं असेल तर इंग्रजीत दोन क्रियापदं चालतात: ‘माय हेड हर्ट्स’ आणि ‘माय हेड एक्स’. ‘पेन’ हे क्रियापद आजच्या प्रमाण इंग्रजीत मनाला होणाऱ्या क्लेशासाठी वापरतात, म्हणजे ‘हे सांगताना मला वाईट वाटतं’ अशा अर्थी. ‘हेड इज पेनिंग’ भारतात सगळ्यांना कळतं, परदेशातही माणूस अंदाजानं समजून घेतो; पण परीक्षेत, मुलाखतीत आणि लेखी मजकुरात ती चूकच धरली जाते.

‘आय हॅव हेडेक’ म्हटलं तर काय बिघडलं? ‘अ’ खरंच लागतो का?

लागतो. ‘हेडेक’ एकवचनी असला की त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ यांपैकी काहीतरी हवंच.

इथे गोंधळ होण्याचं एक रास्त कारण आहे. ब्रिटिश इंग्रजीत दातदुखी, कानदुखी, पोटदुखी यांचे शब्द ‘अ’शिवायही येतात, ‘आय हॅव टूथेक’ तिथे बरोबर आहे. अमेरिकेत बहुधा ‘अ टूथेक’ म्हणतात. ‘हेडेक’ला मात्र दोन्हीकडे ‘अ’ लागतोच. दातदुखीच्या वाक्यावरून डोकेदुखीचं वाक्य बेतलं की हमखास चूक होते.

‘आय ॲम हॅविंग हेडेक’ बरोबर की चूक?

आत्ता, या क्षणी डोकं दुखत असेल तर ‘आय हॅव अ हेडेक’ किंवा बोलण्यात ‘आय हॅव गॉट अ हेडेक’. मराठीतल्या ‘दुखतंय’ मधला ‘तंय’ आपल्याला ‘इंग’ लावायला भाग पाडतो, तो मोह आवरा.

‘हॅविंग’ एका ठिकाणी अगदी योग्य बसतं: गेले काही दिवस अधूनमधून, पुन्हापुन्हा डोकं दुखत असेल तेव्हा. ‘आय हॅव बीन हॅविंग हेडेक्स लेटली.’ इथे शब्द अनेकवचनी आहे हे पाहा. एक सलग डोकेदुखी नाही, वेगवेगळ्या वेळी आलेल्या अनेक.

मराठी क्रियापदाचं रूप आणि त्याला जुळणारं इंग्रजी वाक्य असं लावता येईल:

- डोकं दुखतंय: आय हॅव अ हेडेक.
- डोकं दुखतं, म्हणजे नेहमीचा त्रास: आय गेट हेडेक्स.
- काल डोकं दुखत होतं: आय हॅड अ हेडेक यस्टरडे.
- डोकं दुखायला लागलंय: आय ॲम गेटिंग अ हेडेक.
- उन्हात गेलं की डोकं दुखतं: द सन गिव्ह्ज मी अ हेडेक.
- डोकं दुखायचं थांबलं: माय हेडेक हॅज गॉन.

‘हेडेक इज कमिंग’ असं कुणी म्हणत नाही, त्यासाठी वरचं ‘गेटिंग’ आहे. आणि दुखणं पूर्ण गेलं नाही पण उतार पडला असेल, तर ‘हेडेक इज लेस’ ऐवजी ‘इट्स बेटर नाऊ’ किंवा ‘इट्स ईझिंग’ म्हणा.

‘सकाळपासून’ आणि ‘दोन दिवसांपासून’ हे कसं सांगायचं?

मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ येतं, म्हणून दोन्हीकडे ‘सिन्स’ लावायची सवय लागते. इंग्रजीत सुरुवातीची वेळ सांगायची असेल तर ‘सिन्स’, आणि किती काळ झाला ते सांगायचं असेल तर ‘फॉर’.

‘आय हॅव हॅड अ हेडेक सिन्स धिस मॉर्निंग.’ नुसतं ‘सिन्स मॉर्निंग’ नाही, मध्ये ‘धिस’ हवं. ‘आय हॅव हॅड अ हेडेक फॉर टू डेज.’ दोन्ही वाक्यांत ‘हॅव हॅड’ आहे. दुखणं तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे, एवढं सगळं त्या दोन शब्दांत येतं. ‘आय हॅव अ हेडेक सिन्स टू डेज’ या वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही त्या एका ‘पासून’मधून आल्या आहेत.

उच्चार ‘हेडेक’, ‘हेडेच’ की ‘हेडॅच’?

हेडेक. जोर पहिल्या ‘हे’वर, तोही आखूड. दुसऱ्या भागातला ‘ए’ लांब आहे, ‘केक’ आणि ‘लेक’मध्ये येतो तसा. शेवटी स्वच्छ ‘क’. अनेकवचन ‘हेडेक्स’, शेवटी ‘स’. ‘हेडेकीस’ किंवा ‘हेडेचेस’ नाही.

मग स्पेलिंगमध्ये ‘सीएच’ का?

यामागे एका कोशकाराची चूक आहे. जुन्या इंग्रजीत दुखण्याचं क्रियापद ‘अकान’ होतं आणि त्याचं नाम ‘ॲचे’सारख्या उच्चाराचं होतं. क्रियापदात ‘क’, नामात ‘च’, हीच जोडी आजच्या ‘स्पीक’ आणि ‘स्पीच’मध्ये किंवा ‘ब्रेक’ आणि ‘ब्रीच’मध्ये दिसते. क्रियापदाचं स्पेलिंग बराच काळ ‘ए-के-ई’ असंच लिहिलं जाई. सॅम्युअल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. हा शब्द ग्रीक ‘आखोस’वरून आला असावा असं त्यांनी मानलं आणि ‘सीएच’चं स्पेलिंग अधिक योग्य ठरवलं. ग्रीकमधून आलेल्या ‘स्कूल’, ‘कोरस’ अशा शब्दांत ‘सीएच’चा उच्चार ‘क’ होतो, तसाच तो इथेही चालून गेला. प्रत्यक्षात शब्द ग्रीक नाही, जुना जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातला आहे. पण कोशाचा दबदबा इतका की स्पेलिंग नामाचं आणि उच्चार क्रियापदाचा, अशी सांगड कायमची पडली.

म्हणून ‘हेडेच’ म्हणणाऱ्या मुलाला हसू नये. तो जे वाचतोय ते एके काळी तसंच म्हणत असत.

लिहिताना क्रम असा: एच, ई, ए, डी, ए, सी, एच, ई. सर्वांत जास्त वेळा शेवटचा ‘ई’ गळतो. त्याखालोखाल ‘हेड’मधला ‘ए’ सुटतो. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे आधी ‘हेड’ पूर्ण लिहायचं, मग त्याला ‘ए-सी-एच-ई’ जोडायचं. दोन्ही भागांत ‘ए’ एकेकदाच येतो.

मराठीत लिहिताना ‘डोकेदुखी’ की ‘डोकेदुःखी’?

डोकेदुखी, विसर्ग नाही. हा शब्द ‘दुखणे’ या क्रियापदावरून आला आहे आणि त्यात विसर्ग नाही. ‘दुःख’ हे नाम वेगळं. त्यावरून ‘दुःखी’ होतं, म्हणजे खिन्न. ‘डोकेदुःखी’ लिहिलं तर अर्थच ढळतो. पोटदुखी, दातदुखी, अंगदुखी, कंबरदुखी हे सगळे शब्द याच घडणीचे आहेत, सगळे स्त्रीलिंगी आणि सगळे विसर्गाविना. बोलण्यात आपण ‘डोकं’ म्हणतो, पण सामासिक शब्द ‘डोकेदुखी’ असाच लिहावा.

या शब्दाचं अनेकवचन मराठीत कुणी करत नाही. ‘थ्री हेडेक्स’चं भाषांतर ‘तीन डोकेदुख्या’ होत नाही, ‘तीनदा डोकं दुखलं’ होतं. इंग्रजी जिथे नाम मोजतं तिथे मराठी क्रिया मोजते. इंग्रजीतून मराठीत आणणाऱ्यांनी हे एवढं धरलं, तरी आरोग्यविषयक मजकूर बराच वाचनीय होईल.

मराठीत डोकं दुखण्याचे इतके शब्द आहेत. त्यांना इंग्रजीत काय म्हणायचं?

इथे मराठी फार समृद्ध आहे आणि डॉक्टरांना हवे असतात ते बारकावे या शब्दांतच असतात. सगळ्याचं एकच ‘सिव्हिअर हेडेक’ करून टाकलं की ते हरवतात.

‘ठणकतंय’ म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर दुखणं वर येतं. इंग्रजीत ‘थ्रॉबिंग’ किंवा ‘पाउंडिंग’. ‘डोकं फुटायची वेळ आली’ याला ‘स्प्लिटिंग हेडेक’. दोन्ही भाषांनी फुटण्याचीच कल्पना केली आहे, म्हणून हा शब्द मराठी माणसाला लगेच आपला वाटतो. ‘डोकं आवळून धरल्यासारखं होतंय’, म्हणजे फडकं घट्ट बांधल्यासारखं, याला ‘टाइट’ किंवा ‘प्रेसिंग’. ‘सणक येते’, ‘टोचल्यासारखी कळ येते’ याला ‘स्टॅबिंग’ किंवा ‘शूटिंग पेन’. बारीक, सतत, काम करता येतं पण सुटका नाही असं दुखणं म्हणजे ‘डल’.

‘डोकं उठलं’ याला एका शब्दात इंग्रजी नाही. मराठीत तो शब्द कारणासकट येतो: कलकलाट, भांडण, भोंगा. त्यासाठी कारणालाच कर्ता करा: ‘द नॉइज गेव्ह मी अ हेडेक.’

दोन शब्दांना जपा. ‘डोकं जड झालंय’ हे दुखणं असेलच असं नाही. ‘माय हेड फील्स हेव्ही’ म्हणा, ‘हेव्ही हेडेक’ नको. आणि ‘गरगरतंय’ म्हणजे हेडेक नव्हे, ती चक्कर. ‘आय फील डिझी’ वेगळं, ‘आय हॅव अ हेडेक’ वेगळं. तपासणीची वाट या दोन वाक्यांवरून दोन दिशांना जाते.

तीव्रता सांगताना ‘माइल्ड’, ‘स्लाइट’, ‘बॅड’, ‘टेरिबल’, ‘सिव्हिअर’ हे शब्द जुळतात. ‘स्ट्राँग हेडेक’ म्हणत नाहीत. ‘बिग हेडेक’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा मोठी कटकट असं वाटेल.

‘डोक्याची डावी बाजू दुखतेय’ हे कसं सांगायचं?

‘आय हॅव अ हेडेक ऑन द लेफ्ट साइड.’ ‘लेफ्ट साइड हेड’ असा क्रम चालत नाही. कानशिलाला ‘टेंपल’ म्हणतात. देवळाचाच शब्द, पण संदर्भावरून कळतं. मागच्या बाजूला ‘ॲट द बॅक ऑफ माय हेड’, डोळ्यामागे ‘बिहाइंड माय आय’.

‘हेडेक’ आणि ‘मायग्रेन’ एकच का?

नाही. हेडेक हे लक्षण आहे, मायग्रेन हा आजार. मायग्रेनमध्ये हेडेक बहुधा असतो, पण प्रत्येक हेडेक मायग्रेन नसतो. ‘खूप दुखलं म्हणजे मायग्रेन’ हा समज दोन्ही बाजूंनी फसवतो: साध्या डोकेदुखीला मोठं नाव मिळतं, आणि खऱ्या मायग्रेनच्या रुग्णाला ‘डोकंच तर दुखतंय’ असं ऐकावं लागतं.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती २०१८ साली आली. त्यातले ठोकताळे असे. ताणाच्या डोकेदुखीत बहुधा दोन्ही बाजू आवळल्यासारख्या दुखतात, चालण्याफिरण्यानं वाढत नाही, आणि त्रास ३० मिनिटांपासून ७ दिवसांपर्यंत टिकू शकतो. मायग्रेनचा झटका औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास चालतो. अनेकदा एका बाजूला, ठणकणारा, जिने चढलं तरी वाढणारा, सोबत मळमळ किंवा उजेड आणि आवाज सहन न होणं. क्लस्टर हेडेक १५ ते १८० मिनिटांचा, एका डोळ्याभोवती अतिशय तीव्र, त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी येतं, नाक चोंदतं किंवा गळतं. मायग्रेनचा माणूस अंधारात निपचित पडून राहतो, क्लस्टरचा माणूस अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालतो. नुसतं हे निरीक्षण सांगितलं तरी डॉक्टरांना खूप कळतं.

मायग्रेनसाठी आपल्याकडे ‘अर्धशिशी’ हा शब्द आधीपासून आहे. गंमत अशी की ‘मायग्रेन’ ग्रीक ‘हेमिक्रानिया’वरून, फ्रेंचमार्गे आला: हेमि म्हणजे अर्धं, क्रानिओन म्हणजे कवटी. अर्धं शीर्ष, अर्धी कवटी. दोन दूरच्या भाषांनी त्याच दुखण्याकडे पाहून तेच नाव दिलं. पण नावावर फार विसंबू नका, मायग्रेन दोन्ही बाजूंनाही होतो. उच्चार अमेरिकेत ‘मायग्रेन’, ब्रिटनमध्ये ‘मीग्रेन’ही ऐकू येतो.

‘मला सायनस आहे, म्हणून डोकं दुखतं’ हे इंग्रजीत कसं म्हणू?

आधी मराठीतच दुरुस्त करू. सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या, त्या सगळ्यांनाच असतात. आजाराचं नाव ‘सायनुसायटिस’. त्यामुळे ‘आय हॅव सायनस’ या वाक्यातून काहीच कळत नाही. शिवाय सायनसची म्हणून वर्षानुवर्षं सोसलेली डोकेदुखी पुष्कळदा मायग्रेन निघते, कारण मायग्रेनमध्येही नाक चोंदतं आणि कपाळ दुखतं. निदानाचं नाव स्वतः देण्यापेक्षा लक्षण सांगा: कपाळ आणि गाल दुखतात, खाली वाकलं की वाढतं, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येतो, ताप आहे की नाही.

‘पित्तानं डोकं दुखतं’ याचंही तसंच. त्याचं शब्दशः इंग्रजी करू नका. ‘डोकं दुखतं, मळमळतं, उलटी झाली की बरं वाटतं’ हे जसंच्या तसं सांगा. हे वर्णन मायग्रेनशी चांगलंच जुळतं आणि ‘ॲसिडिटी’ म्हटलं की ते झाकलं जातं.

केसपेपरवर ‘एच/ए’ लिहिलंय, त्याचा अर्थ काय?

हेडेकचंच लघुरूप. त्याच्या आधी ‘सी/ओ’ असेल, तर ‘कम्प्लेनिंग ऑफ’, म्हणजे रुग्णाची तक्रार. पुढे ३/७ असा आकडा दिसला तर तो अपूर्णांक नव्हे. खालचा ७ म्हणजे आठवड्याचे दिवस, म्हणून तीन दिवस. २/५२ म्हणजे दोन आठवडे, ३/१२ म्हणजे तीन महिने. काही कागदांवर ‘सेफाल्जिया’ असतं. ग्रीक शब्द, अर्थ डोकेदुखीच. त्या शब्दानं घाबरायचं कारण नाही, तो कुठल्याही गंभीर आजाराचं नाव नाही.

दात, कान, पोट यांना ‘एक्’ जोडता येतो, मग पाय आणि गुडघ्यालाही जोडायचा का?

नाही. टूथेक, इअरेक, स्टमकेक, बॅकेक हे रोजच्या वापरातले. गुडघा, पाय, हात, मान यांना तो लागत नाही. तिथे ‘माय नी हर्ट्स’ किंवा ‘आय हॅव अ पेन इन माय नी’.

‘हार्टेक’ हा शब्द आहे, पण तो काळजाला लागलेल्या दुःखाचा. छातीत दुखत असताना ‘हार्टेक’ म्हणू नका. तिथे शब्द ‘चेस्ट पेन’, आणि तो एकदम, स्पष्ट उच्चारायचा.

कटकट, त्रास या अर्थी ‘हेडेक’ कधी वापरावा?

मराठीत ‘डोकेदुखी’ हा अर्थ सहज देते: प्रश्न डोकेदुखी होऊन बसला, गोलंदाज फलंदाजांसाठी डोकेदुखी ठरला. इंग्रजीतही तसंच, ‘पार्किंग इज अ हेडेक’. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो दोन्ही भाषांत चालतो. खेळाच्या बातम्यांत ‘सिलेक्शन हेडेक’ येतो, म्हणजे चांगले खेळाडू इतके की कुणाला वगळायचं हा पेच.

जपायच्या जागा दोन. ‘दॅट इज युअर हेडेक’, म्हणजे ती तुझी जबाबदारी, हे भारतीय बोलण्यातलं वळण आहे. इतरत्र ‘दॅट्स युअर प्रॉब्लेम’ म्हणतात आणि तेही उद्धट वाटतं. आणि ‘डोक्याला ताप नको’ म्हणून ‘डोन्ट टेक हेडेक’ म्हणू नका, ‘डोन्ट वरी अबाउट इट’ म्हणा. कचेरीतल्या पत्रात किंवा करारात हा शब्द सैल वाटतो, तिथे ‘डिफिकल्टी’ बरा. मराठीतही औपचारिक पत्रात ‘डोकेदुखी’पेक्षा ‘अडचण’ किंवा ‘पेच’ शोभतो. त्रासदायक माणसासाठी आपल्याकडे ‘कपाळशूळ’ हा नेमका शब्द आहे, तो विसरू नये.

सुट्टीच्या निरोपात काय लिहू?

‘आय हॅव अ सिव्हिअर हेडेक अँड वोन्ट बी एबल टु कम इन टुडे.’ एवढं पुरे. ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम हेडेक’ या साच्याची गरज नाही. ‘सफर फ्रॉम’नंतर अनेकवचन आलं, ‘आय सफर फ्रॉम हेडेक्स’, तर अर्थ नेहमीचा जुना त्रास असा होतो. एका दिवसाच्या रजेसाठी तो अर्थ निघू नये हे बरं.

गोळीच्या पाकिटावर ‘हेडेक’ लिहिलंय, एवढं पाहून घेतली तर चालेल?

त्या शब्दापेक्षा खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचा. डोकेदुखी, सर्दी आणि ताप यांच्या वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच पॅरासिटामॉल असू शकतं, आणि दोन्ही घेतल्या की मात्रा नकळत दुप्पट होते. निरोगी प्रौढांसाठी एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन मात्रांत किमान ४ तास, आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल, तर मर्यादा याहून कमी आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. जादा पॅरासिटामॉल यकृत निकामी करतं आणि सुरुवातीला काही जाणवत नाही, म्हणून हा धोका मोठा. अमेरिकेत याच औषधाला ‘ॲसिटामिनोफेन’ म्हणतात. नाव वेगळं दिसलं म्हणून दोन्ही एकत्र घेऊ नका.

गोळ्यांमुळेही डोकं दुखतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, किंवा ट्रिप्टान (मायग्रेनवरची औषधं) आणि एकाहून अधिक औषधांच्या मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर डोकेदुखी रोजचीच होऊन बसू शकते. इंग्रजीत तिला ‘मेडिकेशन ओव्हरयूज हेडेक’ म्हणतात. म्हणूनच ‘हाऊ मेनी हेडेक्स अ मंथ?’ असं डॉक्टर विचारतात. उत्तर ‘खूप’ असं देऊ नका. दिनदर्शिकेवर डोकं दुखलेल्या दिवसाला एक खूण, गोळी घेतलेल्या दिवसाला दुसरी खूण करा, आणि दोन्ही आकडे सांगा.

तातडीच्या वेळी फोनवर कोणती वाक्यं बोलायची?

काही प्रकारच्या डोकेदुखीत वाट पाहायची नसते. मिनिटभरात शिगेला पोचणारी, विजेसारखी अचानक आलेली. ताप आणि आखडलेल्या मानेबरोबरची. डोक्याला मार लागल्यानंतरची. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं, आकडी येणं किंवा शुद्ध हरपणं यांसोबतची. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली नवी डोकेदुखीही लवकर दाखवावी.

इंग्रजीत सांगायची वेळ आली तर ‘अचानक’ हा शब्द आधी येऊ द्या: ‘सडन, सिव्हिअर हेडेक.’ किती वाजता सुरू झालं ते लगेच पुढे. असं याआधी कधीच दुखलं नसेल तर ‘द वर्स्ट हेडेक ऑफ माय लाइफ’ म्हणा. हे वाक्य डॉक्टर गांभीर्यानं घेतात, कारण मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाचे रुग्ण अनेकदा नेमकं हेच सांगतात. इंग्रजी आठवत नसेल तर मराठीतच बोला, पण ‘डोकं दुखतंय’वर थांबू नका. ‘एकाएकी’, ‘इतक्या वाजता’, ‘असं आधी कधी नाही’, हे तीन तुकडे कुठल्याही भाषेत गेले पाहिजेत.